तळघराच्या दारातली मेणबत्ती

माझ्या नातीच्या टॅबमध्ये एक खेळ होता. त्यात एक जुना मोठा बंगला, बंगल्यात एक मुलगी हरवलेली, आणि तिला शोधायला आपण जायचं. प्रत्येक खोलीत ढीगभर सामान. खाली इंग्रजीत वस्तूंची नावं येतात, ती वस्तू त्या पसाऱ्यात हुडकून तिच्यावर बोट ठेवायचं. बोट बरोबर पडलं की वस्तू चमकते आणि तिचं नाव पुसलं जातं. सगळी नावं पुसली की एखादी कामाची वस्तू आपल्या पिशवीत येते, आणि तिच्या जोरावर पुढचं दार उघडतं. एवढाच खेळ. पण त्याच्यावरून मे महिन्यात आमच्या सानपाड्याच्या घरात रोज तोंडं वाजत होती.

नात आठ वर्षांची. सुट्टी लागल्यापासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. अर्धी चपाती ताटात ठेवून उठायची. झोपेत दचकायची. बाप कामावर गेला की त्याला सारखा फोन लावायची, आणि त्याने उचलला की बोलायला काही नसायचं. कुठे आहेस, एवढंच विचारायची. माझा मुलगा जासईच्या कंटेनर यार्डातून ट्रेलर चालवतो. एवढं धूड रस्त्यावर सांभाळताना खिशात फोन वाजायला लागला की त्याचं डोकं फिरतं. घरी येऊन तो तिला ओरडायचा, ती ऐकून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सून एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकते, तेव्हा पोरीचं दुखणं तिने आपलं आपणच ठरवून टाकलं. तो भुताटकीचा खेळ पोरीच्या डोक्यात बसलाय, असं तिचं म्हणणं. खेळाच्या नावाखाली लिहिलेलंसुद्धा तिने वाचून दाखवलं, बारा वर्षांपुढच्या मुलांसाठी म्हणून. टॅब घेतला होता शाळेच्या अभ्यासाला. त्यात खेळ कुणी टाकला, यावरून नवराबायकोचं एक भांडण आधीच होऊन गेलं होतं. टाकला होता माझ्याच मुलाने, पोरगी मधे मधे करू नये म्हणून.

मुलगा म्हणाला, एवढ्याशाने काय होतंय, आई आम्हाला भुताच्या गोष्टी सांगायची, त्या ऐकून मी संडासला एकटा जात नव्हतो. सून म्हणाली, दिसतंय ना त्याचं काय झालं ते. ती रविवारी खेळ काढून टाकणार होती. तोवर तिने काम माझ्यावर सोपवलं.

"आई, तुम्ही घरीच असता. जरा तिच्याजवळ बसा आणि बघा. मुलांनी बघण्यासारखं आहे का नाही, ते तुम्हीच सांगा. नाहीतर हे म्हणतील मी उगाच टेन्शन घेते."

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. इंग्रजी अक्षर मला ओळखत नाही आणि मी त्याला ओळखत नाही. पण चित्र बघायला इंग्रजी लागत नाही. खरं सांगायचं तर बघायच्या आधीच मी ठरवून टाकलं होतं की सून म्हणते ते बरोबर आहे. पोरांच्या हातात काच दिली की पोरं खुळी होतात, हे मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात बसलेल्या पोरांवरून रोज बघत होते.

दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी पंख्याखाली फरशीवर बसायचो, पाठी भिंतीला लावून. पहिल्या दिवशी तिने ती काच माझ्यासमोर धरली.

एवढी भरलेली खोली मी जन्मात बघितली नव्हती. नक्षीची कपाटं, उघडे पडलेले खण, खणांतून लोंबणारे मोत्यांचे सर, पक्ष्यांचे पिंजरे, घड्याळं, भुसा भरलेलं हरीण, उलटी पडलेली खुर्ची, तिच्यावर शाल, शालीवर मांजर. बारीकशी टाचणीसुद्धा काढलेली, आणि टाचणीची सावलीही काढलेली. खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. ती धूळ हलत होती. मला वाटलं टॅबवरच धूळ बसलीय, म्हणून मी पदराने काच पुसली. नात खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघितलं.

मग ती शोधायला लागली, आणि मी आणखीच थक्क झाले. तिने म्हणावं, आजी, आता कंगवा. मी टेबलावर बघते, आरशापाशी बघते, कंगवा कुठेच नाही. ती खिडकीबाहेरच्या कुंपणावर बोट ठेवायची. कुंपणाच्या खांबांमध्ये काढणाऱ्याने कंगव्याचे दात बसवले होते. मासा खुर्चीच्या पाठीच्या नक्षीत. सुरी पडद्याच्या चुणीत. किल्ली भिंतीवर चढलेल्या वेलीच्या आकड्यात. समोर असून दिसायचं नाही, आणि एकदा दिसलं की मग त्याच्याशिवाय दुसरं काही दिसायचं नाही. पोरीचा डोळा कसा फिरायचा ते मला कळायचं नाही. ती एकेक वस्तू बघत नव्हती. सगळी खोली एकदम बघायची, थोडी मान तिरकी करून, आणि बोट आपसूक जायचं.

मी मार्केटात बरीच वर्षं कांदा निवडला. निवडताना सडका, मोड आलेला, पिचका बाजूला काढायचा असतो. डोळा वाईटावरच पडायला शिकतो. त्यामुळे मला त्या खोल्यांमध्ये आधी दिसायचं ते वाईटच. विषाची बाटली, तिच्यावर कवटी. एका डोळ्याची बाहुली. गालिच्यावर लाल डाग. भिंतीवरच्या तसबिरीतली बाई, जिचे डोळे आपण जाऊ तिकडे फिरायचे. सुनेला सांगायला म्हणून मी हे सगळं मनात धरून ठेवत होते.

पण पोरगी कशालाच भीत नव्हती. बाहुलीचं मी विचारलं तर म्हणाली, ती चांगली आहे, तिच्या पोटात किल्ली लपवलेली असते. डागाचं विचारलं तर म्हणाली, ते मुरांब्यासारखं काहीतरी आहे, बरणी कपाटाखाली फुटलीय, बघ. खरंच कपाटाखाली काचेचे तुकडे होते. तसबिरीतल्या बाईचा तर तिला लळाच लागलेला. तिचे डोळे ज्या बाजूला वळतात तिथे काहीतरी सापडतं, म्हणून ती आपली मदत करते, असं तिने मला समजावलं.

हे सगळं कुणीतरी बसून काढलं असणार, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. कुठल्या तरी लांबच्या मुलखातला माणूस टेबलाशी बसला, त्याने आधी कंगवा काढला, मग त्याच्याभोवती कुंपण उभं केलं, मग म्हणाला असेल, आता शोधा. ज्याला त्याने कधी बघितलं नाही अशा आमच्या पोरीने तो शोधला. दोघांची गाठ त्या कंगव्यात पडली. हे काही साधं नाही.

मग पोरीला झालंय काय, हा प्रश्न उरलाच. खेळ बघून भीत नाही, आणि खेळ आला तेव्हापासून तर भेदरलेली आहे.

काही दुपारी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ती पुढे जातच नाही. त्याच त्या खोल्यांत फिरते, सापडलेलंच पुन्हा बघते. मधेच एका जिन्याने खाली उतरते आणि लगेच वर येते. खाली उतरली की आवाज बारीक करते. एकदा ती पाणी प्यायला उठली आणि टॅब माझ्या मांडीवर राहिला, तेव्हा मी जिन्यावर बोट ठेवलं. खाली तळघराचं दार होतं, लोखंडी पट्ट्यांचं. दाराशेजारी कोनाड्यात एक मेणबत्ती जळत होती. ज्योत अशी की हात पुढे केला तर चटका बसेल. मेण ओघळून थिजलेलं. दाराच्या आतून कुणीतरी हळूहळू ठोकत होतं. ठक ठक, थांबून पुन्हा ठक ठक. कोपऱ्यात एक भिंग असतं, त्याला हात लावला की पुढे काय करायचं ते चमकतं, एवढं मी शिकले होते. मी लावला. चमक गेली ती मेणबत्तीवर.

नात मागे येऊन उभी राहिली होती. मी विचारलं, आत कोण आहे. तीच हरवलेली मुलगी, असं म्हणाली. मेणबत्ती विझवली की अंधारात भिंतीवर एक खूण दिसते, त्या खुणेने दार उघडतं, असं खेळात लिहून येतं. मी म्हटलं, मग विझव की. नको म्हणाली. का नको, तर काही नाही. तिने माझ्या हातातून टॅब घेतला, आवाज बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मी तिला बोलतं करायला गेले नाही. शेंगा सोलायच्या होत्या, त्या घेऊन बसले. निम्म्या झाल्या असतील तेव्हा ती भिंतीशीच बोलल्यासारखी बोलली.

"विझवली तर पप्पाला लागेल."

मी विचारलं, कुणी सांगितलं. ती म्हणाली, तू.

सांगितलं होतं. तिच्या वाढदिवसाला सोसायटीतली पोरं केकभोवती जमली होती. केकवर मेणबत्त्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं, वाढदिवसाला दिवा लावतात, विझवत नाहीत, तोंडाने तर फुंकतच नाहीत, घरच्या कर्त्या माणसाला बाधतं. आमच्याकडे दिवा तोंडाने फुंकत नाहीत. फुलाने नाहीतर हाताच्या वाऱ्याने शांत करतात. मी ओवाळायला तबक घेऊन उभी होते. पण पोरं ओरडायला लागली आणि तिने फुंकर मारली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलाचं बोट कंटेनरच्या लॉकमध्ये चेमटलं. नख गेलं. हात बांधून तो दारात उभा राहिला तेव्हा मी एकच शब्द बोलले होते. बघा. मला वाटलं सून ऐकतेय. ऐकत होती पोरगी.

आता ती माझ्याकडे वळली.

"मी नाही विझवली तर ती आतच राहणार. ती सारखी ठोकते. आणि विझवली तर पप्पाचं पुन्हा काहीतरी होणार. मग मी काय करू?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. एवढंसं लेकरू. एका बाजूला बाप आणि दुसऱ्या बाजूला कोंडलेली पोर, असं दोन्हीकडचं ओझं घेऊन ते सुट्टीभर आमच्यात वावरत होतं. चपाती खात होतं, ओरडा खात होतं आणि कुणाचा जीव वाचवावा याचा विचार करत होतं. ना आईला सांगितलं, ना बापाला. मी एवढं वय काढलं, पण असं काही मला एकटीने डोक्यात वागवता आलं नसतं. बंगल्यातल्या कवट्यांना ती भ्याली नव्हती. ती आमच्या घरातल्या बोलण्याला भ्याली होती.

मी तिला सांगितलं की पोरांनी ज्योतीपाशी तोंड नेऊ नये, केस पेटतील, म्हणून मोठी माणसं तसं बोलतात. तिने विचारलं, मग पप्पाचं बोट. ते कामावर झालं, लोखंडाचं काम आहे, मी म्हटलं.

"पण तू बघा म्हणालीस."

"म्हणाले. उगाच म्हणाले."

"मग तू तेव्हा खोटं बोललीस, की आता बोलतेस?"

आता खरं बोलतेय असं मी म्हटलं, पण तिला ते पटलं नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

तिने टॅब मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, फुंकर नाही मारली तर चालेल ना, फुलाने केली तर. मी म्हटलं, चालेल. तिच्या पिशवीत एक वाळलेला गुलाब होता. तिने तो मेणबत्तीवर नेला, पण खेळाने तो नाकारला, फूल थरथरून पिशवीत परत आलं. मग तिने पिशवीतलं एकेक बाहेर काढलं. त्यात एक पितळी वस्तू होती. लांब दांडा आणि टोकाला उपडी इवलीशी वाटी. ती जेवणघराच्या पसाऱ्यात सापडली होती, पण कशाची ते आम्हाला कळलं नव्हतं. मी तिला तेलाची पळी समजत होते. ती म्हणायची, घंटा आहे, आतला लोलक पडलाय.

तिने ती वस्तू ओढत ज्योतीवर नेली. वाटी अलगद ज्योतीवर बसली. आत क्षणभर पिवळा उजेड दिसला, मग तो गेला. वाटी उचलली गेली आणि धुराची एक बारीक रेघ वर चढली.

मी तिथेच बघत राहिले. मेणबत्तीवर फुंकर मारायला लागू नये म्हणून कुणीतरी कुठेतरी पितळेची वाटी घडवली होती. त्यांचं कारण काय असेल देव जाणे. मेण उडू नये म्हणून असेल, धूर कोंडावा म्हणून असेल. पण आमच्या घरात फूल आणि त्यांच्या घरात ही वाटी. एवढ्या लांबच्या लोकांनाही ज्योतीपाशी तोंड न्यायला नको वाटलं होतं.

मग अंधारात भिंत उजळली. मोरपिशी रंगाच्या रेघा उमटत गेल्या, त्यांचं झाड झालं, झाडाला पानं आली, पानांत पाखरं बसली. ओलं असावं तसं ते झाड चमकत होतं. असं काही मी कुठल्या देवळातसुद्धा बघितलं नाही. पण पोरगी बघत नव्हती. तिने माझा फोन उचलून बापाला लावला होता.

फोन वाजून वाजून बंद झाला. तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच. ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, गाडी चालवत असेल. तिने मान हलवली. टॅबची काच आपोआप काळी व्हायला लागली की ती घाईने बोट लावून ते झाड पुन्हा उजळत होती.

आणि माझं काय झालं, तेही लिहिते. आत्ताच मी तिला सांगितलं होतं की त्यात काही खरं नाही. तरी शेंगांचं पातेलं मी बाजूला सरकवलं. जासईचा रस्ता डोळ्यांसमोर आला, ट्रेलरमागे ट्रेलर, मधून घुसणारी दुचाकीवाली पोरं. मला वाटलं, मी तिला हे करू द्यायला नको होतं. एका चित्रातल्या मेणबत्तीसाठी माझ्यासारखी बाई अशी बसली होती. तेव्हा मला कळलं की पोरगी सुट्टीभर कशात बसली होती.

फोन वाजला तेव्हा तिने तो उचलला नाही, माझ्यासमोर धरला. मुलगा वैतागला होता. गेटवर लाईन लागलीय, कागदांवर शिक्का मारायला खाली उतरलो होतो, फोन केबिनमध्ये राहिला होता, काय लावलंय तुम्ही घरात. त्याला मी ओरडू दिलं. एवढ्या गोड आवाजात तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. हाताला काही लागलं नाही ना, असं मी विचारलं. तो म्हणाला, हाताला काय होणार. हे तिने ऐकलं.

तिने खाली बसून झाडाच्या पाखरांवर एकामागून एक बोट ठेवलं. कडी सरकली, दार कुरकुरलं. आत पायरीवर मुलगी बसली होती, मांडीत मांजराचं पिल्लू. ती काहीतरी इंग्रजीत बोलली. मी विचारलं, काय म्हणते.

"म्हणते, किती वेळ लावलास."

त्यानंतर तिने उरलेल्या शेंगा माझ्याबरोबर सोलल्या आणि त्यातल्या निम्म्या खाल्ल्या.

सून आली तेव्हा पर्स खांद्यावरून काढायच्या आत मी तिला सगळं सांगितलं, माझ्या बोलण्यासकट. ती खुर्चीवर बसली आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली. पोरगी तिचा हात बाजूला करून भिंतीवरचं झाड दाखवायला लागली. मी सुनेला म्हटलं, त्या खेळात विष आहे, सुरी आहे, कवटी आहे, सगळं आहे. मोठ्या माणसाने शेजारी बसावं लागतं. पण मुलांनी बघू नये असं मला त्यात सापडलं नाही. एवढ्या बारकाईने बघायला शिकवणारं दुसरं काही आपल्या घरात नाही. बारा वर्षांपुढच्यांसाठी असं लिहिणाऱ्याने त्याच्या परीने बरोबर लिहिलं असेल, पण आपल्या घरात काय बोलतात ते त्याला कुठे माहीत.

मुलगा जेवायला बसला तेव्हा त्यालाही सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. मला वाटलं माझ्यावर चिडेल. त्याने स्वतःचा डबा मागितला. डबा एका ताटलीवर ठेवला आणि पोरीला जवळ घेऊन दाखवायला लागला. हा कंटेनर, ही माझी गाडी. कंटेनर गाडीवर बसला की चारही कोपऱ्यांना लोखंडी लॉक फिरवायचे. तो पूर्ण बसेपर्यंत हात घालायचा नाही. मी घातला. क्रेनवाल्याने अजून सोडला नव्हता, आणि मी घातला. मग त्याने तिचं बोट धरून डबा आणि ताटलीच्या मधे ठेवलं आणि डबा हळूच टेकवला. असं झालं, म्हणाला.

तिने बोट काढून बघितलं. नख नीट निरखलं. मग बापाचं बोट घेतलं, नवीन नख अर्धं आलेलं, खडबडीत, आणि ते बघितलं.

"मग तू थांबला का नाहीस?"

"घाई होती."

"कसली?"

त्याने डबा ताटलीवर जरा सरळ केला. ती म्हणाली, उद्या थांबशील. त्याने हो म्हटलं. पुन्हा म्हण, ती म्हणाली. त्याने पुन्हा म्हटलं. मग तिने डबा ताटलीवर स्वतः ठेवून बघितला, चारही कोपरे तपासले आणि बापाला सांगितलं की आता हात घातला तरी चालेल.

सुनेने पोरीच्या मांडीवरचा टॅब उचलला. बॅटरी संपत आली होती. तिने तो चार्जिंगला लावला आणि भात वाढायला गेली.